माप न ओलांडलेला ऑब्जेक्ट

आमचं लग्न सह्या करून झालं. विधी नकोत, ही हौस माझीच. त्यामुळे देवासच्या सासरी मी माप ओलांडून नव्हे, तर खांद्यावर लॅपटॉपची बॅग लटकवून शिरले. धारला आमच्या घरी आईनं सणवार केव्हाच गुंडाळून ठेवले होते, आणि माझी शाळाही हिंदी. सासर मात्र जुन्या संस्थानी अंमलदारांचं. तिथली मराठी ऐकताना मला सावरून बसावं लागे. सासूबाईंना मी ‘मम्मीजी’ म्हणायचे. त्या दरवेळी क्षणभर थांबून ओ द्यायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी मला उमाळा आला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तेवढ्यात मी गवार चिरली, तवा तापवला, आठ पोळ्या केल्या आणि कौतुकाची वाट बघत बसले. त्या आल्या, तव्याकडे पाहिलं, तो खाली उतरवून ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. दिवस नागपंचमीचा होता. या घरात त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, उकडलेली दिंडं खायची. हे मला संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर कळलं.

मी भडकले. सहा महिने ही बाई मला एक अक्षर सांगत नाही आणि मी तोंडघशी पडले की गप्प राहून मजा बघते, असं म्हणून मी नवऱ्याला इंदूरला भाड्याचं घर बघायला लावलं. एक पसंतही पडलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

त्याच आठवड्यात कामही रुसलं. पीपलरावां, कुक्षी अशा ठिकाणच्या दूध संकलन केंद्रांची माहिती वेगवेगळ्या कॉम्प्युटरांकडे पोचवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कुठलं केंद्र, कुठला पत्ता, कुणाला काय पाठवायचं, हे सगळं एका सामाईक फ्रेमवर्कला ठाऊक असतं. मी एक साधासुधा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, लिहिला होता. त्यानं तिथून पत्ता घ्यायचा, एवढंच काम. पण तो घ्यायला गेला की हाती काहीच नाही. दोन दिवस मी त्याला शिव्या घातल्या. शेवटी जेवणाच्या टेबलावरूनच ऑफिसातल्या सीनियरला फोन लावला, स्पीकरवर. समोर सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

सीनियर हसला. तो बायकांनाही भिया, म्हणजे भाऊ, असंच म्हणतो.

“अरे भिया, तूने उसको खुद बनाके खड़ा कर दिया, फ्रेमवर्क को बताया ही नहीं. उसको क्या मालूम वो किस घर में है?”

मी फोन ठेवल्यावर सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि, मग त्याला ते कळतं कसं, असं विचारलं. मी समजावलं, की ऑब्जेक्टनं आधी जाहीर करायचं, मला घराची माहिती हवी आहे. आणि आपण त्याला परस्पर उभं न करता फ्रेमवर्कच्या हवाली करायचं. मग ते आपणहून सगळं त्याच्या हाती देतं.

“आणि हवंय असं त्यानं म्हटलंच नाही तर?”

“तर कोणी काही देत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “तूच म्हणाली होतीस, विधीबिधी काही नको. मला वाटलं, शिकलेली मुलगी, आपलं जुनं तिच्या गळ्यात कशाला मारा. तू विचारशील म्हणून थांबले होते.”

मला भयंकर लाज वाटली. ज्या चुकीसाठी मी दोन दिवस त्या बिचाऱ्या ऑब्जेक्टला नावं ठेवत होते, तीच करून मी स्वतः सहा महिने या घरात फुरंगटून बसले होते. ऑब्जेक्टची दुरुस्ती चार ओळींत झाली. पत्ते मिळायला लागले. मग मी लॅपटॉप मिटला.

“मला सगळं सांगा,” मी म्हणाले. “पण आधी हे सांगा, तुम्हाला काय म्हणू?”

“आत्याबाई. आमच्यात सासूला तेच म्हणतात.” त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. “मम्मीजी म्हणालीस की दरवेळी वाटतं, घरात कोणी पाहुणी आली आहे.”

इंदूरच्या घरमालकाला मी सोमवारची वाट न बघता त्याच दुपारी नाही कळवलं.