माझाच ड्रायव्हर, माझाच खांदा

खांद्यातली फाटलेली कंडरा हाडाला बांधायला स्क्रूसारखा अँकर बसवतात. तो बसवायचे ड्रायव्हर मी एस्प्लनेडच्या दुकानात विकतो. एका बंगाली सर्जनने माझा माल घेणं बंद केलं, तो राग मी सोडला नव्हता. मग शटर ओढताना माझीच कंडरा फाटली. हात त्याचाच चांगला, म्हणून नाइलाजाने त्याच्याकडे गेलो.

"ऑपरेशन माझ्याच ड्रायव्हरने करायचं," मी अट घातली.

"दादा, ओल्या ग्लोव्हजमध्ये त्याची मूठ निसटते."

"साफ खोटं!"

"बरं, तुमचाच वापरतो," तो हसला. "खांदाही तुमचाच आहे."

टेबलावर आडवा झाल्यावर मी हळूच म्हणालो, "डॉक्टर, दुसऱ्या कंपनीचाही जवळ असू द्या."

तो त्याने आधीच ट्रेमध्ये ठेवला होता. त्याचा तर जास्तच राग आला.