कालव्याच्या टोकाचं मत

"परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात, हे कसलं सरकार? आलीस परत ते बरं झालं. आता पुन्हा जायचं नाही," सासूबाई म्हणत होत्या.

"पण मत राहिलं ना, आत्या," तैयलनायकी म्हणाली. ही माझी थोरली जाऊ, सासूबाईंची सख्खी भाची. शेत तिच्या बापाने लग्नात दिलेलं, सारा तिच्या नावाने जायचा. बायकांना मताचा हक्क नुकताच मिळाला, तोही सारा भरणाऱ्यांनाच, आणि घरात मतदार ठरली ती एकटीच. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे थोरल्यांच्या, नावावर छत्रीसुद्धा नव्हती.

सकाळी चावडीवर ओळख पटवायला तिला नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्याकडे ते कोणी घेत नाही. थोरल्यांचं तर मीही घेत नाही. त्या नावाचा देव सुचवायचा, समोरच्याने ओळखायचं. ती म्हणाली, "रोग बरे करतो तो देव." अधिकारी तेलुगू मुलखातला; आमच्या तमिळ मुलखात तो वैद्य झालेला शंकर, हे त्याला ठाऊक नाही. "धन्वंतरी?" त्याने विचारलं. यादीत धन्वंतरी कुठून असणार? तिला परत पाठवलं.

ती स्वयंपाकघरात गेली, घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं, तसंच टाकून उंबऱ्याशी आली. उन्हं कुठवर आलीत ते बघून परत आत. सोळा वर्षांत तिला इतकं सैरभैर मी पाहिलं नव्हतं.

"देवाचीच इच्छा," थोरले झोपाळ्यावरून म्हणाले. ते मिरासदारांच्या शाळेत मास्तर, आणि मिरासदार, गावचे मोठे जमीनदार, कौन्सिलच्या निवडणुकीला उभे. बायकोचं मत त्यांनी तिला न विचारताच मिरासदारांना कबूल करून टाकलं होतं.

"त्यांच्याविरुद्ध मायावरमचे वकील उभे आहेत ना, मी त्यांना देणार होते."

"का म्हणून?"

"मिरासदार वरती कालवा अडवतात. टोकाला माझं भात वाळतं. वकील कौन्सिलात प्रश्न विचारतो म्हणालेत."

"प्रश्न विचारून पाणी येतं होय?"

"न विचारून तरी कुठे आलं?"

थोरल्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "माझी नोकरी गेली म्हणजे?"

"शेत पिकलं तर जेवू की."

"बघ गं आई, कशी बोलते ही."

सासूबाई भाचीकडे बघत राहिल्या. "नाव घेतलंस तर त्याचं आयुष्य कमी होतं, पोरी."

तैयलनायकीचा चेहरा उतरला. ती पुन्हा आत गेली. बाहेर आली तेव्हा हात कोरडे होते, पदर खोचलेला.

"मी चावडीवर जातेय," ती म्हणाली. "यांचं नाव सांगणार आहे आणि मत वकिलांना देणार आहे. भात झाकून ठेवलाय, वाढून घ्या."