पुण्याची मैत्रीण

अकरावीत असताना माझ्या प्रोफाइलवर एकूण सहा स्क्रॅप, म्हणजे इतरांनी लिहिलेले निरोप, होते. वर्गातल्या मुलींना तेवढे एका दिवसात येत. मी कोणाशी बोलतच नसे, मग मला लिहिणार कोण? एका दुपारी क्लासजवळच्या सायबर कॅफेत मी दुसऱ्या नावाने खातं उघडलं. पुण्याची मुलगी, फोटोच्या जागी जास्वंद. ती मला दोन दिवसांआड लिहू लागली, 'तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं.' टाइप मीच करायचे, तरी घरी येताना बरं वाटायचं.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. कामतघरच्या घरात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. बारावीला नापास झाल्यापासून ती घरीच होती. गल्लीतल्या कॅफेत माझं प्रोफाइल बघून ती म्हणाली, "काय गं इंग्लिश मीडियम, घरात तोंड उघडत नाहीस आणि पुण्यापर्यंत मैत्री?" लगेच तिने त्या मुलीला रिक्वेस्ट पाठवली.

नाकारली तर तिला संशय येईल, म्हणून मी ती स्वीकारली.

स्क्रॅप सगळ्यांना दिसतात, म्हणून ताई मेसेज पाठवू लागली. आधी सिनेमे, कपडे. मग एकदा लिहिलं, 'सकाळी उठावंसंच वाटत नाही. सगळे हसतात मला. तू लांब आहेस म्हणून सांगते.' ते वाचून मी घरी आले, तिच्या शेजारी जेवायला बसले आणि "भाजी वाढू?" एवढंच विचारलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मुलीने लिहिलं.

ताई दिवसभर कॅफेत बसू लागली. गल्लीतले लूम, कापडाचे यंत्रमाग, थांबले की लाइट गेली हे कळायचं आणि पाठोपाठ ती घरी यायची. काकू म्हणायची, "आली बघा. लाइट गेली तवाच घर आठवतं हिला." लूमचा खडखडाट परत सुरू झाला की ताई अर्ध्या ताटावरून उठून चपला घालायची.

मग तिने लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात पुण्याला येते. फक्त तुला भेटायला.' मी घाबरले. त्याच दुपारी खातं काढून टाकलं. वाटलं, आता हिचं वेड सुटेल.

ताई तरी काही दिवस कॅफेत जात राहिली. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. लूम चालू असोत की बंद.

ठाण्याच्या डॉक्टरांकडे काकूने मलाही नेलं. त्यांनी विचारलं, "हिची जवळची मैत्रीण कोण?"

काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच की. लहानपणापासून एका ताटात जेवतात दोघी."

"नाही," ताई म्हणाली. "ती पुण्याला असते."

परतताना रिक्षात काकू डॉक्टरांनी दिलेली पुढच्या आठवड्याची तारीख पुटपुटत होती. ताईने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आता सांगायचंच असं मी ठरवलं होतं. पहिलं वाक्यही मनात जुळवलं होतं. तेवढ्यात तीच हळू आवाजात म्हणाली, "तुला तिचा पत्ता लागला तर कळव हं. माझं काय चुकलं, एवढंच विचारायचंय. रागावणार नाही म्हणावं."

"हो," मी म्हणाले.