टेंगूळ खड्याचं नव्हतंच

भिंगरी हे नाव घरच्यांनी उगाच ठेवलं नव्हतं. ही पोरगी जेवतानासुद्धा एका जागी बसायची नाही. आणि अशा पोरीने फिजिक्सच्या पीएचडीत काम कुठलं निवडावं, तर सहा-सहा तास मशीनसमोर ढिम्म बसायचं. आई म्हणायची, "तुझ्या सरांनी तुला बसवली कशी, तेवढं विचारून ये. मला वीस वर्षांत जमलं नाही."

काम असं: तिळाएवढा एक खडा घ्यायचा, गोंदाच्या ठिपक्याने तांब्याच्या चकतीवर चिकटवायचा, मशीनच्या पोटात सोडायचा आणि बर्फालाही हुडहुडी भरेल इतका गार करायचा. मग हळूहळू ऊब देत तो किती उष्णता पितो ते मोजायचं. एका ठरावीक जागी ग्राफवर छोटंसं टेंगूळ यायचं. असं टेंगूळ जगात कुणाच्याच खड्याला आलं नव्हतं. अडीच वर्षं भिंगरीने ते अंगाखांद्यावर खेळवलं. तिचे गाईड, म्हणजे सर, हसण्याच्या बाबतीत एरवी कंजूष. पण टेंगळाचा विषय निघाला की गालातल्या गालात हसायचे. येत्या सोमवारी ते बाहेरगावच्या मोठ्या परिषदेत त्याच्यावरच बोलणार होते.

आदल्या मंगळवारी सकाळी आईचा फोन आला, कपाटाची किल्ली सापडत नव्हती. भिंगरीने मान आणि खांद्यात फोन धरून चकतीवर गोंद लावला, किल्ली फ्रिजवर आहे म्हणून सांगितलं, झाकण लावलं, मशीन सुरू केलं. दुपारी टेंगूळ आलं, अगदी वेळेवर, शहाण्या पाहुण्यासारखं. संध्याकाळी आवरताना तिने टेबलावरची डबी उघडली, तर आत खडा. कापसावर आरामात लोळत पडलेला.

खडा इथे, तर टेंगूळ कुणाचं?

बुधवारी आणि गुरुवारी तिने तपासलं. गोंद लावला की टेंगूळ, नाही लावला की ग्राफ सपाट. अडीच वर्षांपूर्वी नियमाप्रमाणे तिने रिकामी चकती मोजली होतीच की. पण चिकटवायलाच काही नाही तर गोंद कशाला वाया घालवा, म्हणून तो लावलाच नव्हता. डोंगर पोखरून उंदीर, आणि उंदीरही शेजारच्या घरचा.

हा शेजारी म्हणजे वर्कशॉपमधले लेथवाले काका. लॅबमधला गोंद संपला तेव्हा त्यांनीच आपली काळी बाटली काढून दिली होती. सरांकडे जायचा धीर होईना, म्हणून ती आधी तिकडे गेली.

"काका, तुमच्या गोंदाने माझं वाटोळं केलं."

काकांनी लेथ थांबवून सगळं ऐकून घेतलं. "माझा गोंद बावीस वर्षं इमानाने चिकटतोय," ते म्हणाले. "पण गार केला की कधी टिकतो, कधी टकदिशी सुटतो. का, ते तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. नुसते खडे मोजत बसता. गोंदाला कुणी विचारतं का?"

"मी रडायला आलेय, काका."

"रड की. त्या स्टुलावर नको फक्त, तेल सांडलंय."

ती उभ्याउभ्या रडली. मूग गिळून बसली असती तर सोमवार निघून गेला असता, कदाचित पदवीही पदरात पडली असती. पण शुक्रवारी सकाळी तिने सरांच्या टेबलावर दोन ग्राफ ठेवले.

"सर, दुसऱ्यात खडा नाहीये."

सरांनी चष्मा काढून पुसला. परत पुसला. काचेवर काही नव्हतंच.

"कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"तपासत होते. आणि घाबरले होते."

"तपासलंस ते बरं केलंस. सोमवारी मागच्या रांगेतून कुणी मला विचारलं असतं, अहो, नुसता गोंद मोजून पाहिलात का, तर मी काय सांगणार होतो?" त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला आणि परिषदेतून आपलं नाव काढून घेतलं. मग म्हणाले, "आता काय करणार आहेस?"

काकांचं बोलणं तिच्या तोंडून निघून गेलं. "गोंदच मोजते. थंडीत तो का सुटतो ते."

"मला गोंदातलं ओ की ठो कळत नाही."

संपलं, तिला वाटलं. पण सर चपला घालत होते. "समोरच्या इमारतीतल्या केमिस्ट्रीच्या बाईंना कळतं. चल."

दोन्ही ग्राफ स्वतः हातात घेऊन ते जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि बाईंच्या दारात उभे राहिले. "माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी तुमच्याकडे द्यायला आलोय," म्हणाले. "चूक माझ्या नजरेतून सुटली. हिच्या नाही."

भिंगरीने खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं. डोळे काही ऐकेनात.

पुढे साडेतीन वर्षं गेली. बाईंनी तिला सरांपेक्षा जास्त बसवलं. प्रबंधात आभाराचं पान आलं तेव्हा पहिले सर, ज्यांनी तिला देऊन टाकलं, मग बाई, मग किल्लीसाठी आई, आणि मग काका, त्यांच्या बाटलीसकट.

एक प्रत घेऊन ती वर्कशॉपमध्ये गेली. काकांनी बोटं पुसून ते पान वाचलं, सावकाश.

"मग, का सुटतो?"

"भरभर गार केला की आतून चिरा जातात. टेंगूळ येतं त्या तापमानापाशी हळू गेलं की टिकतो."

"हळू गार करायचा, हे मला माहीतच होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू तर वाटोळं झालं म्हणत आलीस."

त्यांनी प्रबंध फळीवर काळ्या बाटलीशेजारी ठेवला आणि लेथ सुरू केला. भिंगरी स्टुलावर बसली आणि चांगली तासभर हलली नाही. तेल पुसलेलं होतं.