ग्रामस्थांचा विरोध नव्हता

आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देव नाही, आणि देव नाही म्हटल्यावर भूतही नाही. बुवा, भगत, लिंबू, बाहुली... यातलं मी काहीच मानत नाही. इथे, भुताखेतांच्या या धाग्यावर येणाऱ्या निम्म्या अनुभवांत सांगणाऱ्याचं पोट तरी बिघडलेलं असतं नाहीतर झोप तरी, असं माझं स्पष्ट मत आहे. राग मानू नका. मी भूगर्भशास्त्राचा माणूस. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची, मीटरवरचे आकडे बघायचे आणि बोअर कुठे मारायचा ते सांगायचं, हा माझा धंदा. आमच्याकडे याला ‘पॉइंट देणे’ म्हणतात. अशा माणसाच्या बाबतीत जे घडलं ते लिहितोय. त्यात स्मशान नाही, पैंजण नाहीत. एक सायबर कॅफे आहे आणि एक वेबसाइट. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

गोष्ट २००८ची, ठिकाण गडचिरोलीतलं चामोर्शी. ज्या योजनेत मी कंत्राटावर होतो ती त्या मार्चमध्ये संपली. वंदना, म्हणजे माझी बायको, शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे चूल बंद पडली नाही. पण एक्केचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला नवरा ही काही बघायला बरी वस्तू नसते. खाजगी कामं अधूनमधून मिळत. बाजाराच्या दिवशी मी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचो. ज्याला बोअर मारायचा असेल तो मिरची-कांदे घेता घेता तिथे यायचा, “पानी दाखवनारे मेश्राम साहेब कोन जी?” विचारायचा, आणि टपरीवाला बोट दाखवायचा. झालं. याहून वेगळी ओळख मला कधी लागली नव्हती.

पण माझा साळा प्रशांत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर रविवारी त्याचा फोन.

“भाऊजी, नोकरीवाल्या लोकांची साइट हाय. सगळे मोठे लोक तिथीच माणसं शोधते. तिथी प्रोफाइल नाई तं तुमी नाईच.”

“मी नाई? मग तुझ्यासंगं फोनवर कोण बोलून राह्यलं?”

“तसं नाई हो...”

तसं नाही तर कसं, ते त्याला कधी सांगता आलं नाही. शेवटी वंदनाच वैतागली. “करून टाका ना एकदा. डिग्री काय पेटीत ठेवाले घेतली का?” ती कायमच्या नोकरीची वाट बघत होती हे मला कळत होतं. त्या वर्षी नाही मिळाली तर पुढे कोण देणार होतं?

तर गेलो कॅफेत. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. प्रशांत फोनवरून सांगत होता, मी एका बोटाने टाइप करत होतो. स्किल्स लिहा म्हणे. मी ‘उन्हात चालणे’ लिहिलं, ते त्याने काढायला लावलं. मग स्वतःबद्दल चार ओळी. माणसाने स्वतःची तारीफ स्वतःच करायची, तीही इंग्रजीत, आणि वर ती वाचून अनोळखी लोकांनी हात मिळवायचा! मी केलेल्या गावांची यादी टाकली आणि खाली ठोकून दिलं की माझा एकही पॉइंट कोरडा गेला नाही.

ते खरंच होतं. मारलेला एकही बोअर कोरडा गेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून साइटची पत्रं सुरू. तुमचं प्रोफाइल अपुरं आहे, अमुक तुम्हाला ओळखतात का, तमुक तुमच्याशी जोडले जाऊ इच्छितात. केरळातल्या एका दातांच्या डॉक्टरला माझ्याशी कशाला जोडून घ्यायचं होतं कोण जाणे. पाचव्या दिवशी कॅफेत जाऊन मी प्रोफाइल कसं दिसतं म्हणून उघडलं, तर गावांच्या यादीच्या शेवटी एक नोंद वाढलेली. मराठीत...

‘इरपागुडा, ता. अहेरी. पॉइंट दिला. पाणी आहे. बोअर झाला नाही. ग्रामस्थांचा विरोध नव्हता.’

गावाचं नाव इथे मी बदललं आहे. बाकी शब्द जसेच्या तसे.

आता हे इरपागुडा काय ते सांगावं लागेल, आणि सांगायला मला अजूनही आवडत नाही. सत्त्याण्णव साली अहेरीकडच्या जंगलात हातपंपांसाठी पॉइंट देत फिरत होतो. इरपागुड्यात तीसेक घरं, गोंडांचं गाव, उन्हाळ्यात बाया दीड-दोन कोस चालून नाल्यातल्या झऱ्यावर जायच्या. दिवसभर सळया ठोकल्या आणि एका मोहाच्या झाडाजवळ झकास रीडिंग मिळालं. एरवी पॉइंटवर खुंटी ठोकून आम्ही भोवती चुना मारायचो. त्या दिवशी नाला ओलांडताना चुन्याची थैली भिजून गोळा झाली होती. ड्रायव्हरकडे जीपच्या पत्र्याला लावायच्या शेंदरी प्रायमरचा डबा होता. गुरांनी खुंटी उपटू नये म्हणून मी तिच्यावर एक उभट दगड रोवला आणि चांगला दोन हात प्रायमर मारला.

मोहाच्या झाडाखाली उभा दगड. शेंदरी. मारणारा एम.एस्सी.

पंधरा दिवसांनी बोअरची गाडी घेऊन गेलो तर दगडापुढे नारळाच्या करवंट्या, हळद, कोंबडीची पिसं. गाडीवाला दक्षिणेकडचा होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, “सामी है साब, इधर नहीं मारेगा.” गावात कोणी दिसत नव्हतं, सगळे तेंदूपत्त्याला गेले होते. मी दहा मिनिटं उभा राहिलो. दगड काढायला लावला तर गाव अंगावर येईल, वरती तक्रार जाईल आणि तो रंग कोणी मारला तेही निघेल... गाडी पुढच्या गावाला नेली. रिपोर्टात लिहिलं, ‘ग्रामस्थांच्या विरोधामुळे बोअर होऊ शकला नाही.’ असं वाक्य ऑफिसात कोणी तपासत नाही.

हे मी वंदनालाही सांगितलं नव्हतं. तो ड्रायव्हर वारला. आणि आता ते गाव माझ्या प्रोफाइलवर!

मी नोंद पुसली. दोन दिवसांनी ती पुन्हा तिथेच. पुन्हा पुसली, पुन्हा आली. पासवर्ड प्रशांतला माहीत होता म्हणून आधी त्याच्यावर भडकलो. तो बिचारा म्हणाला, “भाऊजी, इरपागुडा हे गाव हाय का पदार्थ, मले काय माहीत?” पासवर्ड बदलला. कॅफेवाल्याला झापलं. त्याने त्याच कॉम्प्युटरवर मला दाखवून दिलं की तिथे मराठी टाइपच होत नाही, चौकोन उमटतात; ती नोंद तेवढी स्वच्छ वाचता येत होती. मग मी प्रोफाइलच बंद करतो म्हटलं, तर साइट म्हणे तांत्रिक अडचण, नंतर प्रयत्न करा. जे नको ते आपोआप होत होतं आणि जे हवं त्याला अडचण.

तेवढ्यात नागपूरच्या एका सल्लागार कंपनीतून फोन आला. मॅडम सभ्य बोलत होत्या. पाण्याच्या मोठ्या प्रकल्पावर भूजलाचा माणूस हवा होता, नोकरी कायम. त्यांनी मला त्या साइटवरूनच शोधलं होतं, म्हणजे प्रशांत बरोबर ठरला, ज्याचा मला आणखीच राग आला.

“एक विचारू?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या जुन्या ऑफिसातून आम्ही रेकॉर्ड मागवलं. इरपागुड्याला तिथे ‘ग्रामस्थांचा विरोध’ लिहिलंय. सही तुमची. प्रोफाइलवर तुम्हीच लिहिता की विरोध नव्हता. यातलं खरं कोणतं?”

“प्रोफाइलवर चूक झाली आहे, मॅडम.”

“मग तेवढं गावाकडून लेखी आणून द्याल का, सोमवारपर्यंत?”

वंदनाच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी हुशारी आली होती. तिला काय सांगणार? शनिवारी पहाटेची गाडी धरून अहेरीला गेलो, तिथून जीप, पुढे पायी. अकरा वर्षांनी. खिशात कागद तयार होता, ‘देवस्थान असल्यामुळे आम्ही बोअर मारू दिला नाही’ एवढंच. त्यावर गावप्रमुखाचा अंगठा हवा होता.

गावप्रमुख सत्त्याण्णव सालचेच, लालसूदादा, आता पिकून गेलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. बाजेवर बसवलं. पाणी दिलं. नाल्याचंच होतं. मी कागद वाचून दाखवला.

“कोनं विरोध केला जी?” ते म्हणाले.

“म्हणजे... गावाने. देव होता ना तिथे.”

“आमाले तं कोनी इचारलंच नाई. तेंदूपत्त्यावरून आलो तं चाकाचे निशान दिसले. आमी समजलो, गाडी दुसऱ्या गावाची असन, चुकून आली.”

“पण तुम्ही देव सरकवला असता का?”

“काऊन नाई सरकवला असता? आमचे देव तं गाव उठलं का गावासंगं उठते. अन् तो तं तुमचा देव ना, साहेब.”

“माझा?”

“तुमी बसवला, रंग लावला. तुमी गेले निघून, मंग त्याले उपाशी कसं ठेवाचं? आमी देऊन राह्यलो त्याले, वर्साले एक कोंबडी.”

हे ते टोमणा म्हणून बोलत नव्हते. पाहुण्याची वस्तू नीट सांभाळली आहे, असं सांगावं तसं सांगत होते. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. समोरून दोन बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन नाल्याकडून येत होत्या. त्यातली एक सत्त्याण्णव साली जेमतेम शाळेच्या वयाची असेल. अकरा वर्षं मी मनातल्या मनात यांना अडाणी म्हणत होतो, आणि त्यांनी माझ्या प्रायमरच्या दगडाला माझ्याकरता जेवू घातलं होतं. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

कागद तसाच परत आणला. सोमवारी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, प्रायमरसकट. त्या ‘कळवतो’ म्हणाल्या. अजून कळवताहेत. वंदनाला सांगितलं तेव्हा तिने भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, “मग त्यायच्या बोरिंगचं काय?” ते भांडणापेक्षा कठीण होतं.

पंचायत समितीत सहा महिने चपला झिजवल्या. या एप्रिलमध्ये गाडी गेली. लालसूदादांनी नारळ फोडला, चार माणसांनी दगड उचलून वीस पावलांवर नेऊन ठेवला. घड्याळ बघितलं मी, अर्धा तासही लागला नाही. दुपारी पाणी लागलं.

ती नोंद अजून तिथे आहे. आता मी पुसत नाही. ओळखीचे लोक विचारतात की करिअरसाठी असलं प्रोफाइल लागतं का. मला काय माहीत? माझी नोकरी त्याने दारात आणली आणि त्यानेच घालवली. मी अजून बाजाराच्या दिवशी टपरीवर बसतो. इथे कॉम्प्युटरवाले बरेच आहेत. हॅकिंग, व्हायरस, सर्व्हरची चूक, जे सुचेल ते सांगा, मी ऐकून घेईन. प्रशांतचं म्हणणं असं की मीच कधीतरी लिहिलं आणि विसरलो. तेही मी मानलं असतं. पण विरोध नव्हता हे त्या शनिवारपर्यंत मला माहीतच नव्हतं.