रस्त्याखालची मोरी

कॅनडातल्या मिसिसागाच्या ऑफिसात बसून मी सस्कॅचवानच्या शेतांचे नकाशे करते. विमानातून लेझरनं मोजलेली जमीन स्क्रीनवर येते; उंच भाग पिवळा, सखल भाग निळा. लोक जिला सपाट म्हणतात ती जमीन खरं तर झोपेतल्यासारखी मंद श्वास घेत असते. तिच्याकडे बघता बघता माझा चहा रोज निवतो, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

एका वसंतात तिथल्या एका ओढ्याच्या पुराचा नकाशा मी मोठ्या थाटात गावच्या कचेरीला पाठवला. आठवड्यानं एका म्हातारीचा फोन आला. तिचं घर मी पुराच्या पट्ट्यात दाखवलं होतं, म्हणून तिच्या लेकीला शेजारी घर बांधायची परवानगी मिळेना. ती मिळाली नाही तर लेक शहरात जाणार आणि म्हातारी त्या शेतात एकटी राहणार.

“आमचं पुराचं कॉम्प्युटर मॉडेल सहसा चुकत नाही,” मी ऐटीत म्हणाले.

“मग येऊन बघ.”

गेले. बर्फ नुकतंच वितळलं होतं. चहूकडे आभाळच आभाळ, आणि शेतांतल्या डबक्यांतही तेच. गाडी जमिनीवरून चाललीय की ढगांतून, कळेना. भांडायला निघालेली मी, पण उगीचच फार सुखी वाटलं.

म्हातारी काठी टेकत मला कच्च्या रस्त्यापाशी घेऊन गेली. रस्त्याचा भराव उंच, आणि ओढा त्याला येऊन भिडलेला. माझ्या नकाशात इथंच पाणी तुंबून तिच्या स्वयंपाकघरात शिरत होतं. तिनं खिशातून बेसमेंटमध्ये जपलेलं, सुरकुतलेलं सफरचंद काढलं आणि ओढ्यात टाकलं. ते भरावाजवळच्या गवतात दिसेनासं झालं.

रस्ता ओलांडून आम्ही पलीकडे उभ्या राहिलो. वारा पडला होता. किती वेळ गेला कोण जाणे; मला वाटलं, अडकलं. मग एका गंजलेल्या पाइपातून सफरचंद डुलत डुलत बाहेर आलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. रस्त्याखालची मोरी विमानातून दिसत नाही. ती नकाशात हातानं भरावी लागते. आमच्या कामातला हा पहिला धडा, आणि मीच तो विसरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी रागावली नाही. “आता माझं घर पाण्यातून बाहेर काढ,” एवढंच म्हणाली.

गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी नकाशातल्या भरावावर मोरीची एक बारीक रेघ मारली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. थोड्या वेळानं पुराचा निळा रंग तिच्या दारातून ओसरला. स्क्रीनवर बोट टेकवून तिनं घराशेजारची मोकळी जागा दाखवली.

“लेकीचं स्वयंपाकघर इथं.”