चिंचेनं धुतलेली एक्केचाळीस नाणी

जुनी नाणी जमवतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे दोनच प्रकारे बघतात. काहींना वाटतं, या गुरुजीला गुप्तधन सापडलंय. उरलेल्यांना वाटतं, गुरुजी कामातून गेलाय. मोबाइलवर जुन्या पैशांचे ते व्हिडिओ फिरायला लागल्यापासून पहिल्या जातीची माणसं वाढलीत. परवाच सेलूच्या भाजीबाजारात एकानं मला अडवलं, हातावर पाचाचं नाणं ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, ह्याचे किती लाख येतेत?"

"पाच रुपये येतेत," मी म्हणालो. "कोथिंबीर घे."

तो फणकाऱ्यानं निघून गेला. खरं तर त्याला हसायचा मला अधिकार नाही. त्यानं व्हिडिओ बघून जे केलं तेच मी जाडजूड पुस्तकं वाचून केलं, आणि त्यापायी घरातल्या माणसाला नको ते बोललो.

माझी शाळा दुधनाकाठच्या एका गावात होती. शाळेमागं पांढरी. पांढरी म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या वस्तीची माती. पावसानं ती धुपली की खापरं, मणी आणि एखादं नाणं उघडं पडतं. तिथं मेंढरं चारणारी एक म्हातारी होती. काही सापडलं की शाळेच्या ओट्यावर बसून ती पदराची गाठ सोडायची. "घ्या, तुमचं खूळ घावलं बगा." मी तिला आधी दहा, मग वीस, शेवटी शेवटी पन्नास रुपये द्यायचो. सातवाहनांच्या काळातली तांब्याची नाणी, करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसरीकडे चार गोल. दोन हजार वर्षांपूर्वी याच मातीत कुणीतरी ही देऊन तेल-मीठ घेतलं असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

नाणी तशी स्वस्तच पडली. महाग पडलं ते बाकीचं. भिंग घेतलं, सोनाराचा असतो तसा छोटा काटा घेतला, एकेक नाणं ठेवायचे प्लास्टिकचे कप्पे घेतले. कुठंही नाण्यांचं प्रदर्शन भरलं की मी रजा टाकून जायचो. तिकीट, लॉज, दोन वेळचं जेवण, आणि येताना हमखास एक पुस्तक. बायको बॅग भरून द्यायची आणि म्हणायची, "तुमच्या हत्तीला चारा लय लागायलाय." मी सांगायचो, थांब जरा, एक दिवस हाच हत्ती घर भरून देईल. ती हसायची. तिचा विश्वास होता की नव्हता, ते मी कधी विचारलं नाही.

तिचं मागणं एकच असायचं, तेही वर्षातून एकदा. लक्ष्मीपूजनाला पाटावर माझी नाणी मांडू द्यावीत. पाटावर दर वर्षी तिच्या आईनं दिलेला चांदीचा रुपया असायचा, थोड्या नोटा, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे. "घरात एवढी लक्ष्मी हाय अन् ती कपाटात कोंडून," ती म्हणायची. मी नाही म्हणायचो. हळदीकुंकवाचे डाग पडतील, ओलं लागेल, तुला त्यातलं कळत नाही. कपाटाची किल्ली मी देवळीत ठेवायचो, पण हात लावायचा नाही असा दंडक होता.

दहाएक वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर नागपूरला प्रदर्शन होतं. दाखवायला म्हणून मी चार उत्तम नाणी खिशात घालून गेलो. दोन मुक्काम करून घरी आलो तर ती दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला. "डोळे मिटा," म्हणाली. मी मिटले नाहीत. देवघरासमोर पाट मांडला होता, त्यावर केळीचं पान, आणि पानावर माझी एक्केचाळीस तांब्याची नाणी, नव्या घंगाळासारखी लालबुंद.

"दोन दिस घासायलेय मी," ती म्हणाली. "चिंच, मीठ अन् जरा राख. काळीकुट्ट लक्ष्मी कशी पुजायची? आवो, बगा तरी, हत्तीचा डोळासुदीक दिसायलाय."

तांब्यापितळेची भांडी दिवाळीला चिंचेनं उजळायची, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आणि नाण्यावरचा तो काळा-हिरवा थर हीच त्याच्या जुनेपणाची खूण, तो गेला की भाव गेला, हे माझ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. मी तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. हात लावू नको एवढंच सांगितलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "सत्यानाश केलास. एका लाखाचं नुकसान केलंस. अडाणी ते अडाणीच राहिलीस." शेजारची बाई फराळाची चाळणी मागायला आली होती, ती तशीच मागं फिरली. बायकोनं हात पदराखाली घेतले. अंगठ्यांची सालं निघाली होती, नखं काळी पडली होती. ते मी पाहिलं होतं. पाहूनही बोललो.

तिनं नाणी एकेक करून पुसली आणि परत कप्प्यांत घातली. त्यानंतर केर काढताना तिची केरसुणी त्या कपाटाला वळसा घालून जायची. लक्ष्मीपूजनाला पाटावर फक्त आईचा रुपया. हत्तीच्या चाऱ्याची चेष्टा बंद झाली, बॅग मात्र ती भरून देत राहिली. मी माफी मागितली नाही. लाखाचं नुकसान झालेल्या माणसानं माफी कशाची मागायची, असं मला खरंच वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आठ दिवसांचं आजारपण. आता लेक म्हणते, बाबा, पुण्याला या, एक खोली तुमची. घर आवरायला काढलं तेव्हा नाणी विकायचं ठरवलं. पैशांची निकड नव्हती, पेन्शन पुरते. मला एवढंच बघायचं होतं की त्या दिवशी मी तिला जो आकडा सांगितला तो खरा होता का. खरा निघाला असता तर रागाला निदान काही कारण तरी होतं, असं म्हणता आलं असतं.

संभाजीनगरला एका नाणेवाल्याकडं गेलो. तरणा, गोड बोलणारा माणूस. त्यानं चहा मागवला आणि सगळी नाणी काचेखाली घालून बघितली.

"काका, खरं सांगू का? ही लय सापडतात. धुतलेल्याचे मी नगाला एकशेवीस देईन. ही चार धुतली न्हाईत, ह्यांचे दोनशे."

"पुस्तकात तर अडीच-तीन हजार आहेत," मी म्हणालो.

"ते एक नंबर मालाचे, काका. तेही विकणाऱ्यानं सांगायचे. आपण विकायला गेलो की घेणाऱ्याचा भाव."

मी विचारलं, "धुतली नसती तर सगळ्यांचे दोनशे?"

"हो, दोनशे."

नाण्यामागं ऐंशी. एक्केचाळीस नाणी. आयुष्यभर पाढे शिकवले, कागद लागला नाही. तीन हजार दोनशे ऐंशी रुपये. नागपूरच्या त्या वारीत तिकीट, लॉज आणि पुस्तक मिळून माझे याहून जास्त गेले होते. नाणेवाला काहीतरी बोलत होता. मी चहा अर्धा टाकून नाणी गोळा केली आणि स्टेशनवर आलो. गाडीत खिडकीशी बसून सेलूपर्यंत नाण्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला. रडू येत होतं आणि समोरचा माणूस शेंगा खात माझ्याकडं बघत होता.

काल लक्ष्मीपूजन होतं. दुपारी मी स्वयंपाकघरात चिंचेची बरणी शोधली. तिनं साठवलेली चिंच अजून तळाला होती. वाटीत भिजवली, मीठ घातलं आणि ती चार नाणी घासायला बसलो. एक जरा लाल झालं, दुसऱ्यावर ठिपके उठले. राख आधी लावायची की मागून, ते मला माहीत नव्हतं. बोटं चुरचुरायला लागली. चार नाण्यांना ऊन उतरेपर्यंत वेळ लागला, आणि एकाही हत्तीचा डोळा दिसला नाही.

मग पाटावर तिच्या आईचा रुपया ठेवला, ही चार ठेवली आणि डबा उघडून तिची एक्केचाळीस मांडली. दहा वर्षांत ती पुन्हा काळवंडली होती. त्यांना मी चिंच लावली नाही.